ध्वनिमुद्रिकेमागील माणसें

एखादें सुरेल गाणें ऐकून मन प्रसन्न झालें म्हणजे आपण सहज विचारतों, "हें कोणीं गाइलें? पद कोणाचें? चाल कोणाची?" परंतु "हा आवाज कोणीं टिपून ठेवला?" असें विचारणारा श्रोता विरळा. वास्तविक पाहतां गायकाच्या कंठांतून निघालेला स्वर आपल्या कानीं पडण्यापूर्वीं आणखी दोघांच्या हातांखालून जातो. त्यांपैकीं एक ध्वनिमुद्रक. यंत्रें कोठें मांडावयाचीं, कोणता आवाज किती घ्यावयाचा, हें तो पाहतो. दुसरा निर्माता. कोणाकडून काय गाऊन घ्यावयाचें, कोणतें मुद्रण राखावयाचें व कोणतें टाकावयाचें, हें तो ठरवितो. अलीकडे संगीताचे चाहते या पडद्याआडच्या मंडळींच्या मुलाखती मोठ्या आवडीनें वाचूं व पाहूं लागले आहेत. अमक्याला एकदां बोलतें करा, अशी मागणीहि ते करितात. हें रिकामटेकडें कुतूहल आहे, असें कित्येकांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कां वाटत नाहीं, तें कांहीं उदाहरणें देऊन सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जुनी गोष्ट घेऊं. आरंभीं मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर तोंड नेऊन गाई. कर्ण्याच्या निमुळत्या टोंकाशीं एक पातळ पडदा असे. आवाजाच्या लहरींनीं तो थरथरे, आणि त्यास जोडलेली सुई तीच थरथर फिरत्या मेणाच्या तबकडीवर कोरीत जाई. वरचा स्वर फार जोरानें लागला तर मुद्रण बिघडे. म्हणून तेवढ्यापुरतें गायकास मागें सरावें लागे.

या विद्येंत अमेरिकेंतील फ्रेड गाइसबर्ग हा मोठा निष्णात होता. सन १९०२ च्या एप्रिल महिन्यांत इटलींतील मिलान शहरीं कारुसो नांवाच्या तरुण गायकाचीं दहा गाणीं घेण्याचें त्यानें ठरविलें. कारुसोनें शंभर पौंड मागितले. गाइसबर्गच्या सांगण्याप्रमाणें लंडनच्या कचेरीनें तार करून इतकी रक्कम देण्यास मनाई केली. तरी त्यानें स्वतःच्या जबाबदारीवर, हॉटेलांतील खोलींतच, तीं गाणीं घेतलीं. पुढें त्या तबकड्यांनीं कारुसोची कीर्ति देशोदेशीं नेली. तबकडीवर कारुसोचा आवाज आहे. मनाईची तार नाहीं. ती हकीकत आपल्याला कळते, ती गाइसबर्गनें १९४२ सालीं आपल्या आठवणी पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्या म्हणून.

त्याच वर्षाच्या अखेरीस हा गृहस्थ कलकत्त्यास आला व नोव्हेंबरांत त्यानें गौहरजान या प्रसिद्ध गायिकेचें गाणें टिपलें. तिच्या जुन्या तबकड्यांत गाणें संपतांच ती इंग्रजींत स्वतःचें नांव उच्चारते. ऐकणाऱ्याला हा अभिमान वाटावा. परंतु त्या वेळीं आपल्याकडील गाण्यांच्या तबकड्या जर्मनींतील हानोव्हर येथें छापल्या जात, आणि तेथील कारागिरांना गायक ओळखतां यावा म्हणून ही रीत होती, असें जाणकार सांगतात. जो काम करतो त्यालाच कामाचा अर्थ ठाऊक असतो, याचें हें बोलकें उदाहरण आहे.

आतां ज्याला विचारावयाचें राहूनच गेलें, अशा एकाची गोष्ट ऐका. सन १९२५ पासून विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें व कर्णा मागें पडला. पुढें इंग्लंडांत अॅलन ब्लमलाइन या तरुण इंजिनिअरानें असा विचार केला कीं, मनुष्यास कान दोन आहेत म्हणूनच आवाज कोणीकडून आला हें त्याला कळतें. तर मग मुद्रणहि दोन वाटांनीं कां करूं नये? स्टीरिओ या नांवानें आज सर्वांस परिचित असलेल्या या पद्धतीचें पेटंट मिळावें म्हणून त्यानें डिसेंबर १९३१ मध्यें अर्ज केला. सन १९३४ मध्यें लंडनच्या अॅबी रोड येथील मुद्रणगृहांत त्या पद्धतीनें वाद्यवृंदहि मुद्रित केला. पुढें युद्ध आलें. ता. ७ जून १९४२ रोजीं विमानांतून रडार यंत्राची चाचणी चालू असतां तें विमान कोसळलें, आणि वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षीं ब्लमलाइन मरण पावला. काम गुप्त असल्यामुळें त्याच्या मृत्यूचा गाजावाजाहि झाला नाहीं. स्टीरिओ तबकड्या बाजारांत सर्वत्र मिळूं लागल्या त्या १९५८ च्या सुमारास. त्या ऐकून त्याला दोन प्रश्न विचारावे, तर तो सोळा वर्षांपूर्वींच गेला होता.

याच्या उलट जॉर्ज मार्टिन व जेफ एमरिक यांचें उदाहरण आहे. हे दोघे बीटल्स मंडळींचे अनुक्रमें निर्माता व ध्वनिमुद्रक. सन १९६६ मध्यें 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' या गीताचीं दोन मुद्रणें झालीं; एक संथ, दुसरें जलद व अधिक उंच स्वरांत. जॉन लेनन याला एकाचा आरंभ आवडला व दुसऱ्याचा शेवट, आणि दोन्ही जोडून द्या, असें तो म्हणाला. लय निराळी, पट्टी निराळी, जोडावयाचें कसें? येथें विज्ञान उपयोगीं पडलें. ध्वनिफीत हळू चालविली तर लय मंदावते व स्वरहि खालीं उतरतो. म्हणून जलद मुद्रणाची फीत कमी वेगानें चालविली, तेव्हां दोन्ही गोष्टी एकदमच जवळ आल्या. सुमारें एका मिनिटावर तो सांधा आहे. मार्टिन व एमरिक यांनीं तो पुढें लोकांस समजावून सांगितला, म्हणून आज शाळेंतील मुलासहि तो कानानें शोधतां येतो.

आपल्या मुंबईंतहि असे एक गृहस्थ होऊन गेले. जी. एन. जोशी हे शिक्षणानें वकील, आवडीनें भावगीतगायक. परंतु त्यांनीं एच. एम. व्ही. कंपनींत ध्वनिमुद्रणाच्या कामीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें वेंचलीं. संतूर, बांसरी व गिटार यांच्या मेळानें गाजलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका त्यांच्याच निर्मितींतील. मोठमोठ्या गवयांचें मन वळवून त्यांना मायक्रोफोनपुढें कसें आणिलें, याच्या हकीकती त्यांनीं 'स्वरगंगेच्या तीरीं' या पुस्तकांत लिहून ठेविल्या आहेत.

यावरून आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, झालेलें काम मागें उरतें, पण तें करतांना काय टाकलें, काय बिघडलें व तें कसें सांवरलें, हें करणाऱ्याच्या मनांतच असतें. वेळींच विचारलें नाहीं तर तें त्याच्याबरोबर जातें. विचारण्याचीहि एक रीत आहे. "सर्वांत थोर गायक कोण?" या प्रश्नानें फारसें हातीं लागत नाहीं. "हें असेंच कां केलें? पहिल्यानें काय चुकलें? ही युक्ति तुम्हांला कोणीं शिकविली?" असें विचारावें, आणि उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये.

असा जाणता मनुष्य शोधावयास लंडनला जाण्याचें कारण नाहीं. मिरजेस तंबोरे घडविणारे कारागीर आहेत. गांवोगांवीं तबल्याला शाई लावणारे, पेटी दुरुस्त करणारे, ध्वनिक्षेपक लावणारे आहेत. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं येत्या सुटींत अशा एकाकडे जावें, आईबापांनीं त्यांस जाऊं द्यावें, आणि तो जें सांगेल तें त्याच्याच शब्दांत वहींत उतरून त्यास वाचून दाखवावें. कांहीं चुकलें असेल तर तो तेथेंच सुधारून देईल.