भिंतीपलीकडचा संगणक

घरात इंटरनेट आले असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात ते घराच्या एका कोपऱ्यापर्यंतच आलेले असते. बाहेरून येणारा काचतंतू तेथील एका लहानशा पेटीत संपतो. प्रकाशरूपाने आलेला संदेश ही पेटी विद्युत्‌रूपात बदलते आणि राउटर हे उपकरण तो घरातील निरनिराळ्या यंत्रांना वाटून देते. संगणक दुसऱ्या खोलीत नेला तरी बाहेरची जोडणी अबाधित राहते. तुटतो तो शेवटच्या काही मीटरांचा दुवा. हे ध्यानात न घेतल्यास दुसऱ्या जोडणीचा खर्च अकारण पत्करला जातो.

झाशीतील एका घराची कल्पना करू. बुंदेलखंडाचा हा भाग ग्रॅनाइटचा असून झाशीचा किल्लाही तशाच टेकडीवर उभा आहे. अठराव्या शतकात मराठी अंमलाबरोबर अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थायिक झाली. जुन्या वस्तीतील अशा एखाद्या कुटुंबाच्या चौकाच्या घरात राउटर ओसरीलगतच्या खोलीत आहे, असे समजा. मुलीच्या अभ्यासाला एकांत मिळावा म्हणून तारेने जोडलेला संगणक चौकापलीकडच्या खोलीत हलविला. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपणार आहे आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. अशा वेळी दोष कोठे शोधावा?

प्रथम संगणकात बिनतारी ग्राहक आहे किंवा नाही, हे पाहावे. टेबलावरील पुष्कळ संगणकांत तो नसतो. तो अंगठ्याएवढ्या वेगळ्या उपकरणाच्या रूपाने जोडता येतो. त्यानंतर मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून तो घरच्या वाय-फायला जोडावा आणि आधी राउटरजवळ, मग नव्या खोलीत तपासावा. राउटरजवळही संपर्क नसेल तर सेवा देणाऱ्यांकडे तक्रार करावी. नव्या खोलीत मोबाइल चालतो पण संगणक चालत नाही, तर दोष संगणकाचा. राउटरजवळ संपर्क आहे आणि खोलीत नाही, तर मात्र अडथळा अंतराचा अथवा भिंतींचा होय.

रेडिओलहरी भिंतीतून जातात, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविले होते. परंतु प्रत्येक भिंत लहरींच्या शक्तीचा काही हिस्सा हिरावून घेते. एका भिंतीतून दहावा हिस्सा पार होत असेल, तर तशाच दोन भिंतींतून शंभरावा हिस्साच पार होईल. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटीमीटर, तर ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची सुमारे ६ सेंटीमीटर असते. दुसऱ्या प्रकारच्या लहरी वेग अधिक देतात, पण जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होतात. म्हणून दूरच्या खोलीत पहिला प्रकार निवडून पाहावा. राउटर लोखंडी कपाटामागे न ठेवता उंचावर, चौकाकडील दाराखिडकीजवळ ठेवावा. मोकळ्या हवेतून लहरींना वाट मिळते.

एवढ्याने भागले नाही तर मधल्या जागी पुनःप्रक्षेपक बसविता येतो. तो नव्या खोलीत ठेवणे व्यर्थ आहे. जेथे मूळ लहरी अजून सशक्त आहेत, तेथेच तो ठेवला पाहिजे. साध्या पुनःप्रक्षेपकाला एकाच मार्गाने ऐकावे व बोलावे लागत असल्याने वेग मात्र बराच घटतो.

जागा न बदलणाऱ्या संगणकासाठी तारेचा उपाय सर्वांत भरवशाचा. या केबलमध्ये आठ तारा चार पिळलेल्या जोड्यांत असतात. पिळामुळे बाहेरील विद्युत् गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो व ग्राहकात वजा होतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली दूरध्वनीसाठी योजिली होती. अशी केबल १०० मीटरपर्यंत काम देते. घरातील अंतर त्यापुढे किरकोळ आहे. ती विजेच्या तारांपासून वेगळी न्यावी. उघड्या चौकातून न्यायची असल्यास उन्हाला टिकणाऱ्या आवरणाची घ्यावी, कारण झाशीचा उन्हाळा साध्या आवरणाला तडे पाडतो. विजांच्या कडकडाटाचा धोका टाळण्यासाठी ती शक्यतो छपराखालून, भिंतीच्या कडेने न्यावी. काचतंतूची पेटी मात्र स्वतः हलवू नये. तंतू तीव्र कोनात वाकल्यास प्रकाश बाहेर निसटतो, क्वचित तंतूच तुटतो.

सारांश, हातातून फिरणाऱ्या यंत्रांसाठी लहरी आणि एका जागी बसणाऱ्यांसाठी तार, ही विभागणी जाड भिंतींच्या घरांत सोयीची ठरते. अर्जाची मुदत उद्यावर आली असेल तर संगणक आजच्यापुरता पुन्हा राउटरजवळ न्यावा, अर्ज भरून घ्यावा आणि केबलचे काम सवडीने करावे.