देवावर रागावलीस तरी चालेल

रात्री जाग येते आणि छताकडे बघत हिशेब सुरू होतो ना तुझा? घरभाडं, पोरीची फी, सासूबाईंच्या गोळ्या, बँकेचा हप्ता. त्यात मनाला आणखी एक बोचणी, की देवावर विश्वास आहे म्हणते, मग एवढी धास्ती का वाटते? ती बोचणी आधी काढून टाक बघू. जिच्या अंगावर घर आहे तिला काळजी वाटणारच गं. त्याने श्रद्धा उणी होत नाही.

'देव आहे ना, सगळं नीट होईल' असं तुला जो तो सांगत असेल. खरं सांगू का, मी तसं सांगणार नाही. तुकोबांचं घर आठव. पिढ्यान् पिढ्या वारी करणारं, दुकान आणि सावकारी असलेलं घर. 1630 च्या सुमाराला दुष्काळ पडला, धंदा बसला, थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, लेक संतूही गेला. म्हणून 'भक्ती कमी पडली असेल' असं कुणी तुला सुनावलं, तर ते कानाआड कर.

पण पुढचं बघ. लोकांकडून येणं असलेली खतं तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला, आपला सोडून दिला. मला नेहमी त्या ऋणकोंच्या घरातल्या बायका आठवतात. त्यातली एखादी अशीच रात्र रात्र विठ्ठलाला आळवत असेल. तिची सुटका झाली ती गावातल्याच, स्वतः सगळं गमावून बसलेल्या माणसाच्या हातून. देव देतो तो असाच, कुणाच्या तरी हाताने. म्हणून तुझी अडचण चार माणसांना कळू दे. तू मात्र दार लावून, हसरा चेहरा करून बसली आहेस!

आणि तुकोबांची धाकटी बायको जिजाई? तुकोबा डोंगरावर भजनात, घरात पोरं आणि रिकामी मडकी. तरी ती भाकरी बांधून उन्हातान्हात डोंगर चढायची आणि वाटेत विठ्ठलाला 'काळ्या' म्हणून बोल लावायची. तिच्या पायात काटा रुतला, तेव्हा तो काढायला विठ्ठलच आला, अशी कथा आहे. शिव्या देणाऱ्या बाईचा पाय देवाने हातात घेतला, ही गोष्ट मला फार धीर देते. तेव्हा तूही देवापुढे बसून रड, भांड, जाब विचार. गोड बोलायची सक्ती नाही तिथे.

मग ऊठ आणि कामाला लाग. बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा, चुकल्यावर नाही. मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, ते विचार आणि अर्ज लेखी दे, पोच घे. शाळेत मुख्याध्यापिकांना भेटून फी टप्प्याटप्प्याने भरू द्या म्हण. बचत गटात असशील तर तिथे तोंड उघड, त्यासाठीच असतो तो. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स असतात ना, त्यांच्या वाटेला अजिबात जायचं नाही. फोनमधले नंबर उचलतात आणि मग नातेवाइकांना फोन करून छळतात. आणि रेशनकार्ड कपाटात ठेवून काय उपयोग? प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी महिना 5 किलो धान्य मोफत मिळतं, अंत्योदयचं असेल तर घराला 35 किलो. त्या रांगेत उभं राहायची लाज वाटते म्हणालीस. ताटात भात आला की देवाचे आभार मानतो ना आपण, मग तोच तांदूळ रेशनच्या पिशवीतून आला तर कमी प्रतीचा होतो का गं?

एक मात्र बजावून सांगते. नवस फेडायला, कुठल्या शांतीला किंवा दक्षिणेला उसने पैसे काढायचे नाहीत. जो पोराबाळांच्या तोंडचा घास मागतो, तो देव नव्हे. तुळशीपुढे दिवा लाव, हात जोड, झालं.

उद्या बँकेत जायचंय तर आज कागद काढून ठेव: पासबुक, कर्जाची कागदपत्रं, तुझ्या नवऱ्याच्या नोकरीचं पत्र. अर्ज लिहायला सुचलं नाही तर संध्याकाळी माझ्याकडे ये, दोघी बसून लिहू. आणि सकाळी दोन घास खाऊन नीघ हं, उपाशी जाऊ नकोस.