हॉटेलची पाटी, मालकी आणि शहर : यशवंतपूरचा धडा

शहराच्या मध्यवर्ती भागातील एखाद्या हॉटेलची पाटी बदलली की हॉटेल विकले गेले, असा सर्वसामान्यांचा समज होतो. प्रत्यक्षात अनेकदा मालक तोच राहतो आणि केवळ नाव बदलते. काही वेळा याउलट घडते. मालक बदलतो, परंतु दारावरील पाटी तशीच राहते. आर्थिक उदारीकरणानंतर भारतीय हॉटेल उद्योगात इमारतीची मालकी, दैनंदिन व्यवस्थापन आणि नाममुद्रा या तीन बाबी एकमेकींपासून विलग होत गेल्या. हा बदल समजून घेतल्याशिवाय शहरांच्या अर्थव्यवस्थेत हॉटेलचे नेमके स्थान काय, रोजगाराची जबाबदारी कोणाची आणि वाढलेल्या मूल्याचा लाभ कोणास मिळतो, या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. बंगळूरुच्या वायव्येस असलेला यशवंतपूर हा परिसर या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

कारखान्यांच्या परिसरातून नव्या केंद्राकडे

यशवंतपूरची ओळख दीर्घकाळ रेल्वे स्थानक, कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार आणि तुमकूर रस्त्यालगतचे कारखाने अशी होती. महाराष्ट्रातील कांदा ज्या दक्षिणी बाजारपेठांत उतरतो, त्यांत या आवाराचा समावेश होतो. जवळच भारतीय विज्ञान संस्था असून पुढे पीण्याची औद्योगिक वसाहत आहे. व्यापारी, मालमोटारींचे चालक, यंत्रविक्रेते आणि परगावाहून कामानिमित्त येणारे कर्मचारी हे येथील पाहुणे, आणि स्थानकाजवळची कौटुंबिक मालकीची लॉज ही त्यांची सोय होती. मालक स्वतः गल्ल्यावर बसत असे. मालकी, व्यवस्थापन आणि नाव या तिन्ही गोष्टी एकाच हाती होत्या.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी हे चित्र पालटले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीच्या मल्लेश्वरम-राजाजीनगर येथील जमिनीवर ब्रिगेड समूहाने सुमारे ४० एकरांचा 'ब्रिगेड गेटवे' हा मिश्र वापराचा प्रकल्प उभारला. त्यात निवासी इमारती, जागतिक व्यापार केंद्र, मॉल आणि २३० खोल्यांचे शेरेटन हॉटेल यांचा समावेश आहे. हे हॉटेल २०११ मध्ये सुरू झाले. पाठोपाठ यशवंतपुरात ताज समूहाचे 'विवांता बाय ताज' आणि २०१३ मध्ये तुमकूर रस्त्यावर 'फेअरफील्ड बाय मॅरियट' ही हॉटेल उघडली. फेअरफील्ड या नाममुद्रेचे भारतातील ते पहिले हॉटेल होय. मार्च २०१४ मध्ये मेट्रो यशवंतपूरपर्यंत पोहोचली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मादावरपर्यंत वाढल्याने तेथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्रही या मार्गाशी जोडले गेले. कारखान्याची जमीन, मेट्रोचा मार्ग आणि प्रदर्शनांचे वेळापत्रक यांच्या संयोगातून शहराचे एक नवे उपकेंद्र आकारास आले.

एकाच परिसरातील तीन प्रकार

या तीन हॉटेलांच्या वाटचालीत मालकी आणि नाममुद्रा यांच्या संबंधांचे तीन निरनिराळे नमुने दिसतात.

पहिला नमुना शेरेटनचा. येथे इमारतीची मालकी स्थानिक बांधकाम समूहाकडे आणि नाव व व्यवस्थापन परदेशी कंपनीकडे आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतील मॅरियट कंपनीने शेरेटनची मालक असलेली स्टारवुड कंपनी विकत घेतली. बंगळूरुतील इमारतीची एक वीटही हलली नाही, मालकही बदलला नाही, तरीही त्या हॉटेलचे आरक्षण, निष्ठावंत ग्राहक योजना आणि मानके यांवरील नियंत्रण एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेले. पुढे जुलै २०२५ मध्ये ब्रिगेड समूहाने आपल्या हॉटेल कंपनीचे समभाग विक्रीस काढून ७५९.६० कोटी रुपये उभारले. परिणामी मालकीचा काही अंश भाग बाजारातील गुंतवणूकदारांकडे गेला. पाटीवरून यांपैकी कशाचाही अंदाज येत नाही.

दुसरा नमुना ताजचा. इंडियन हॉटेल्स कंपनीने २०१० मध्ये विवांता ही स्वतंत्र नाममुद्रा आणली. २०१७ मध्ये सर्व हॉटेल पुन्हा 'ताज' या एकाच नावाखाली आणण्याचे ठरले, तर २०१८ मध्ये हे धोरण बदलून अनेक नाममुद्रांची रचना पुन्हा स्वीकारण्यात आली. यशवंतपूरचे हॉटेल या फेऱ्यांतून 'ताज' झाले. येथे पाटी बदलण्याचे कारण मालकीतील बदल नव्हता. ते कंपनीच्या विपणन धोरणात होते.

तिसरा नमुना फेअरफील्डचा. ते साम्ही हॉटेल्स या २०१० मध्ये स्थापन झालेल्या कंपनीकडे आहे. ही कंपनी हॉटेलांची मालकी बाळगते, मात्र नाव व व्यवस्थापन मॅरियटसारख्या कंपन्यांकडे सोपवते. याच कंपनीने अन्यत्र फॉर्म्युल वन या नावाने चालणारी हॉटेल विकत घेऊन त्यांना हॉलिडे इन एक्स्प्रेस हे नाव दिले. तेथे मालकी आणि पाटी दोन्ही बदलल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये या कंपनीचे समभागही बाजारात आले.

चौथी शक्यता शहराच्या दुसऱ्या टोकाला आढळते. जुन्या विमानतळ रस्त्यावरील लीला पॅलेस हे हॉटेल, समूहाच्या चेन्नई, दिल्ली व उदयपूर येथील हॉटेलांसह, २०१९ मध्ये कॅनडातील ब्रुकफिल्ड या गुंतवणूक संस्थेने ३,९५० कोटी रुपयांना घेतले. मालक पूर्णपणे बदलला, नाव मात्र कायम राहिले. कारण व्यवहारात नावालाच मोठी किंमत होती.

पुण्याचे ब्लू डायमंड

महाराष्ट्रातील वाचकांस या संदर्भात पुण्याच्या ब्लू डायमंडचे उदाहरण परिचित असेल. औद्योगिक पुण्यात येणाऱ्या पाहुण्यांची सोय व्हावी या गरजेतून किर्लोस्करांच्या पुढाकाराने हे हॉटेल उभे राहिले. पुढे ते ताज समूहाकडे गेले. 'ताज ब्लू डायमंड', नंतर 'विवांता बाय ताज ब्लू डायमंड' आणि अखेरीस 'सिलेक्शन्स' या वर्गवारीत पुन्हा 'ब्लू डायमंड' असा त्याच्या नावाचा प्रवास झाला. एका शहरात किर्लोस्करांनी उद्योगासाठी हॉटेल उभारले, तर दुसऱ्या शहरात किर्लोस्करांच्या कारखान्याच्या जागी हॉटेल उभे राहिले. उद्योगप्रधान शहराकडून सेवाप्रधान शहराकडे झालेल्या स्थित्यंतराचे हे दोन टप्पे होत. ब्लू डायमंडच्या बाबतीत स्थानिक नावच अखेर टिकून राहिले, ही बाब नाममुद्रेच्या अर्थशास्त्रात दुर्लक्षिण्याजोगी नाही.

पाटीचे गणित

नाममुद्रा स्वीकारल्याने मालकास खरोखर किती लाभ होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, १५० खोल्यांचे एक हॉटेल स्वतःच्या नावाने चालते. सरासरी ६५ टक्के खोल्या भरतात आणि सरासरी दर ५,००० रुपये आहे. वर्षाला खोल्यांपासून सुमारे १७.७९ कोटी रुपये उत्पन्न मिळते. सोयीसाठी केवळ हेच उत्पन्न विचारात घेऊन ३३ टक्के परिचालन नफा धरल्यास तो ५.८७ कोटी रुपये होतो.

प्रसिद्ध नाव घेतल्यानंतर भरण्याचे प्रमाण ७२ टक्के आणि दर ५,८०० रुपये झाला, असे मानू. उत्पन्न २२.८६ कोटी रुपयांवर जाते. नफ्याचे प्रमाण ३८ टक्के झाल्यास नफा ८.६९ कोटी रुपये होतो. यातून उत्पन्नाच्या ३ टक्के मूळ शुल्क, ३ टक्के विपणन व आरक्षण शुल्क आणि नफ्याच्या ८ टक्के प्रोत्साहन शुल्क वजा जाता सुमारे २.०७ कोटी रुपये नाममुद्रा कंपनीकडे जातात. मालकाकडे ६.६२ कोटी रुपये उरतात, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे ७५ लाख रुपये अधिक.

परंतु नाव मिळण्यापूर्वी कंपनीच्या मानकांनुसार नूतनीकरण करावे लागते. प्रत्येक खोलीमागे १० लाख रुपये धरल्यास हा खर्च १५ कोटी रुपये होतो. ७५ लाखांच्या वाढीव नफ्यातून, व्याज न धरताही, तो भरून निघण्यास २० वर्षे लागतील, आणि तत्पूर्वीच पुन्हा नूतनीकरणाची वेळ येईल. नाममुद्रा कंपनीचे शुल्क मात्र पहिल्या वर्षापासून सुरू होते. तिची स्वतःची गुंतवणूक अल्प असते आणि मंदीतही मूळ शुल्क थांबत नाही. उत्पन्नातील वाढ याहून मोठी असेल तरच हा करार मालकास किफायतशीर ठरतो.

मग मालक असे करार का करतात? याची प्रमुख कारणे दोन. ओळखीच्या नावामुळे बँकांकडून कर्ज मिळणे आणि भांडवली बाजारात समभाग विकणे सुलभ होते. त्याचबरोबर शेजारील कार्यालये, दुकाने व निवासी गाळे यांचे मूल्य वाढते. म्हणजेच मिश्र वापराच्या प्रकल्पात हॉटेलचा लाभ हॉटेलच्या ताळेबंदात पूर्णपणे दिसत नाही. ज्याच्याकडे केवळ हॉटेलच आहे अशा मध्यम मालकास हा दुसरा लाभ मिळत नाही. कराचाही विचार करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, तर त्यावरील दरास १८ टक्के आहे. नव्या नावामुळे दर ही मर्यादा ओलांडणार असेल तर ग्राहकाचे देयक एकदम वाढते.

सार्वजनिक मालमत्तेचा अनुभव

मालकी बदलाचा विचार सरकारी हॉटेलांच्या निर्गुंतवणुकीशिवाय अपूर्ण राहील. भारत पर्यटन विकास महामंडळाची अनेक हॉटेल २००१-०२ मध्ये विकण्यात आली. त्यांत औरंगाबाद अशोकचाही समावेश होता. बंगळूरुचे हॉटेल अशोक मात्र न विकता ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने भारत हॉटेल्स या खाजगी कंपनीस देण्यात आले व पुढे ते 'ललित अशोक' झाले. भाडेपट्ट्यात मूळ मालमत्ता सार्वजनिकच राहते, हा या मार्गाचा लाभ होय. मुंबई विमानतळाजवळील सेंटॉर हॉटेल २००२ मध्ये ८३ कोटी रुपयांना विकले गेले आणि खरेदीदाराने काही महिन्यांतच ते ११५ कोटी रुपयांना पुढे विकले. शहरातील हॉटेलचे मूल्य चालू नफ्यावरून ठरवायचे की त्याखालील जमिनीवरून, हा प्रश्न या व्यवहाराने ठळकपणे पुढे आणला.

कर्मचारी आणि लहान लॉज

या स्थित्यंतराचा सर्वाधिक परिणाम ज्यांच्यावर होतो ते घटक करारावर सही करीत नाहीत. उपक्रम एका मालकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित झाल्यास कामगारांची सेवा अखंड व पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर चालू ठेवावी, अन्यथा भरपाई द्यावी, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते राखले आहे. परंतु केवळ पाटी बदलली किंवा कंपनीचे समभाग विकले गेले, तर कायद्याच्या दृष्टीने मालक तोच राहतो आणि हे संरक्षण लागू होत नाही. अशा वेळी साफसफाई, सुरक्षा, धुलाई ही कामे कंत्राटदाराकडे सोपविली गेल्यास जुन्या कर्मचाऱ्याच्या अनुभवाचे मोल शून्यावर येते.

स्थानकाजवळील लहान लॉजपुढील प्रश्न वेगळा आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ओयोसारख्या कंपन्यांनी अशा लॉजना स्वतःची पाटी दिली आणि ऑनलाइन आरक्षणाच्या संकेतस्थळांनी ग्राहक आणून दिले. बदल्यात दर ठरविण्याचे स्वातंत्र्य आक्रसले. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हॉटेलांवर लादलेल्या दरविषयक अटी आणि विशिष्ट कंपनीस दिलेले झुकते माप हे या प्रकरणातील मुख्य मुद्दे होते. गल्ल्यावर बसणाऱ्या मालकासाठी सौदाशक्तीचा प्रश्न किती मूलभूत आहे, हे यावरून दिसते.

मध्यम शहरांसाठी बोध

नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत मोठ्या नाममुद्रांचा विस्तार होत आहे. यशवंतपूरच्या अनुभवावरून काही बाबी स्पष्ट होतात. मालकाने करारावर सही करण्यापूर्वी शुल्क, नूतनीकरणाचा खर्च व करार मोडण्याच्या अटी यांचे एकत्रित गणित मांडावे. तारांकित श्रेणी आणि नाममुद्रा या भिन्न गोष्टी आहेत. पर्यटन मंत्रालयाची श्रेणी पाच वर्षांसाठी सुविधांची शहानिशा करून दिली जाते. ती ग्राहकास विश्वास देते, पण उत्पन्नातील वाटा मागत नाही. लहान मालकांनी संघटितपणे आरक्षण यंत्रणा उभारल्यास त्यांची सौदाशक्ती वाढू शकते. बंद कारखान्यांच्या जमिनींचा वापर बदलताना आणि मेट्रोसारख्या सार्वजनिक गुंतवणुकीने मूल्य वाढताना, त्या वाढीचा काही भाग नगरपालिकेकडे येण्याची व्यवस्था असावी. तसेच व्यवस्थापन बदलाच्या वेळी कर्मचाऱ्यांची सेवा सलग मानण्याची अट करारातच घालणे इष्ट ठरेल.

पाटी बदलणे हा व्यवसायाचा अधिकार आहे. परंतु पाटीमागील मालकी, जबाबदारी आणि लाभ यांची विभागणी पारदर्शक असणे हा शहराचा अधिकार आहे. हॉटेलच्या खोल्या किती वाढल्या यापेक्षा त्या वाढीतून त्या शहरात किती उत्पन्न व किती स्थिर रोजगार उरला, हाच विकासाचा खरा निकष मानला पाहिजे.