ऑनलाइन दुकानातील पहिली विक्री : विश्वासाचे अर्थशास्त्र

पेठेतील दुकानदार पहिल्या विक्रीला ‘भवानी’ म्हणतो आणि त्या गिऱ्हाइकाला शक्यतो रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. ऑनलाइन दुकानात मात्र भवानी होणे हेच कठीण असते. तेथे ग्राहकाला माल हाताळता येत नाही आणि दुकानदाराचा चेहराही दिसत नाही. या अडचणीचे आर्थिक स्वरूप समजून घेण्यासाठी बेंगळुरूतील फ्लिपकार्टचे उदाहरण उपयुक्त ठरते.

अ‍ॅमेझॉनमधील नोकरी सोडून सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी (आडनाव एकच असले तरी ते नातेवाईक नव्हेत) ऑक्टोबर २००७ मध्ये सुमारे चार लाख रुपयांच्या भांडवलावर पुस्तकविक्री सुरू केली. पहिली मागणी आली ती बेंगळुरूमधून नव्हे, तर तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील (आताच्या तेलंगणातील) महबूबनगर येथून. पुस्तक होते जॉन वुड यांचे ‘लीव्हिंग मायक्रोसॉफ्ट टू चेंज द वर्ल्ड’. दुकानाकडे स्वतःचा साठा नव्हता. मागणी आल्यावर पुस्तक मिळवून पाठवायचे, अशी पद्धत होती. नेमके हेच पुस्तक सहजी मिळेना. बरीच शोधाशोध करून ते मिळवावे लागले. एका प्रतीवरील नफ्याच्या मानाने हा खटाटोप अवाजवीच. पण तो खर्च विक्रीचा नसून नावलौकिकातील गुंतवणुकीचा होता.

विद्यार्थ्यांनी येथे जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० मधील निबंध आठवावा. विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. अशा असममित माहितीमुळे ग्राहक हात आखडता घेतो, योग्य किंमत न मिळाल्याने चांगला माल बाजारातून बाहेर पडतो आणि बाजारच आक्रसतो. या विषयावरील कार्यासाठी अकरलॉफ, स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुस्तकांपासून प्रारंभ करण्यातील शहाणपण यावरून उमगते. एका आवृत्तीची नवी प्रत कोणत्याही दुकानात सारखीच असते. मालाविषयीची शंका त्यामुळे जवळजवळ मिटते. उरते ती केवळ विक्रेत्याविषयीची.

तीही कमी करण्यासाठी कंपनीने २०१० मध्ये ‘माल हाती आल्यावर पैसे’ ही सोय दिली. तिने जोखीम नाहीशी झाली नाही. ती ग्राहकाकडून विक्रेत्याकडे सरकली. घेण्यास नकार मिळालेल्या पार्सलाचा जाण्यायेण्याचा खर्च आणि तोवर अडकलेले भांडवल विक्रेत्याच्या माथी येते. मोठ्या कंपनीला हे पेलते. घरगुती मसाले किंवा हातमागाच्या साड्या विकणाऱ्या महिला बचतगटाला ते पेलेलच असे नाही. शिवाय त्यांचा माल पुस्तकासारखा प्रमाणित नसतो.

शासकीय प्रयत्नांचा विचार या संदर्भात करावा लागतो. ओएनडीसी या खुल्या व्यापारजालाची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची चाचणी सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या १६ पिनकोड क्षेत्रांत सुरू झाली. एका ठिकाणी नोंदलेला माल अनेक अ‍ॅपवर दिसावा, ही त्यामागील कल्पना. त्यामुळे शोधाचा खर्च घटतो. मात्र दिसणे म्हणजे विश्वास बसणे नव्हे. ती बाजू ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० काही अंशी सांभाळतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात, असे बंधन त्यांत आहे. अनोळखी विक्रेत्याकडून प्रथमच खरेदी करणाऱ्याला मोठ्या सवलतीपेक्षा ही हमी अधिक मोलाची वाटू शकते. अर्थात, ती त्याला ठाऊक असेल तर.