ऑनलाइन लिलावात शेवटच्या पाच मिनिटांत भाव का उसळतो?

आपल्या भागात ज्याला हर्रास म्हणतात, तो लिलाव आता मोबाईलवर होतो. थकीत कर्जापोटी विक्रीस निघालेली दुकाने, घरे, गोदामे सरकारी बँका ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर मांडतात. धाराशिव, उमरगा वा परंड्याचा दुकानदार घरबसल्या बोली लावू शकतो. सोय मोठी, पण धोकाही मोठा. बराच वेळ थंड असलेला भाव अखेरच्या मिनिटांत एकदम उसळतो.

याचे कारण साधे आहे. लवकर बोली लावली की आपला अंदाज इतरांना कळतो. म्हणून प्रत्येक जण थांबतो. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये याचा अभ्यास मांडला. ईबेवर लिलाव ठरल्या वेळी बंद होई, तेथे अखेरच्या बोली फार. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात उशिरा बोली आली की वेळ वाढे, तेथे त्या कमी.

आपल्याकडील बँकांच्या लिलावात सहसा शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की आणखी पाच मिनिटे वाढतात. म्हणजे दबा धरून बसण्यात फायदा नाही. उलट ऐनवेळी वीज किंवा नेटवर्क गेले तर संधी जाते. वाढीचा टप्पा दहा हजारांचा असला तर प्रत्येक बोली किरकोळ वाटते, पण अशा वीस बोलींत दोन लाख चढतात.

म्हणून आम्ही असे सुचवतो की कमाल रक्कम आदल्या दिवशीच कागदावर लिहावी. बाजारभावातून मुद्रांक शुल्क, नोंदणी, दुरुस्ती आणि घरपट्टीची थकबाकी वजा करावी. विजेची जुनी बाकीही तपासावी. वीज कंपनी नियमांनुसार ती नव्या मालकाकडून मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. लिहिलेला आकडा ओलांडला की उठावे.

जोशात जिंकण्याची किंमत पाहा. समजा, तुमची मर्यादा १५ लाख होती आणि बोली १७ लाखांवर सुटली. अनामत धरून २५ टक्के, म्हणजे सव्वाचार लाख, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरावे लागतात. उरलेले पावणेतेरा लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांच्या आत. पैसे जमले नाहीत तर सव्वाचार लाख जप्त होतात. ही जप्ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये योग्य ठरवली. मग सावकाराचे दार आणि व्याज!

लिलाव शरीअतमध्ये जायज आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीनुसार प्रेषितांनी (स.) एका गरजू अन्सारीचे कापड व प्याला असाच विकला, एकाने एक दिरहम देऊ केला, दुसऱ्याने दोन. मात्र घ्यायचे नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणे, म्हणजे नजश, हदीसमध्ये मना आहे. तसेच आपसांत संगनमत करून भाव पाडणे म्हणजे कर्जदाराचा हक्क मारणे होय. कारण बँकेचे देणे फिटून उरलेली रक्कम त्याला परत मिळायची असते. ज्याचे दुकान गेले, त्याचे तेवढे तरी राहू द्यावे.