नव्या मोटारीतील दोष आणि ग्राहकाची दाद

मुंबई-हावडा लोहमार्गावर बडनेरा व वर्धा यांच्या दरम्यान वसलेले धामणगाव रेल्वे ही कापसाची जुनी बाजारपेठ आहे. येथील शेतकऱ्याला मालाचा दर्जा म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. बाजाराच्या आवारात व्यापारी कापूस हातात घेतो, त्याचा धागा, ओल आणि कचरा पाहतो आणि मगच भाव बोलतो. हाच शेतकरी, किंवा त्याचा नोकरदार मुलगा, अमरावतीस वा नागपूरला जाऊन मोटार खरेदी करतो तेव्हा व्यवहाराचा क्रम नेमका उलटा होतो. किंमत आधी ठरते, पैसे आधी भरले जातात आणि माल कसा आहे हे गाडी काही हजार किलोमीटर धावल्यावर कळते. तोवर बँकेचे हप्ते सुरू झालेले असतात. गाडी दुरुस्तीसाठी पडून आहे म्हणून हप्ता थांबत नाही.

मोटारींच्या दर्जाविषयीचे गाऱ्हाणे देशात नवे नाही. फियाट, अॅम्बॅसेडर आणि स्टँडर्ड हेरल्ड एवढ्याच मोटारी देशात तयार होत असत, त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हाती आलेल्या गाडीत उणिवा निघाल्या तरी ग्राहकाला दुसरीकडे वळण्याची सोय नव्हती. अखेर १९६७ मध्ये केंद्र शासनाने मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी जी. पांडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. परंतु अशी चौकशी संपूर्ण उद्योगाची असते. एकट्यादुकट्या ग्राहकाचे गाऱ्हाणे तीत मिटत नाही. ग्राहकांना संघटित करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीच्या रूपाने सुरू केला, आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागण्यासाठी स्वतंत्र मंच उपलब्ध झाले.

या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली दोन प्रकरणे मुद्दाम शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले २००४ मधील असून ते मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या गाडीसंबंधीचे होते. सदोष गाडी नवी म्हणून विकली गेली आणि दोष मान्य करण्याऐवजी कंपनीने जबाबदारी नाकारून प्रकरण लढविले, याबद्दल न्यायालयाने कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली आणि उत्पादक व विक्रेता या दोघांनाही जबाबदार धरले. दुसरे प्रकरण २००६ मधील, मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा. तेथे खालच्या स्तरावर गाडी बदलून देण्याचा आदेश झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला नाही. वॉरंटीच्या अटींनुसार उत्पादकाचे बंधन सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे आहे, संपूर्ण गाडी बदलण्याचे नाही, असे न्यायालयाने म्हटले.

अनेक ग्राहकांचा गैरसमज होतो तो याच ठिकाणी. नवी गाडी दोनदा बंद पडली म्हणजे दुसरी मिळालीच पाहिजे, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात दोष मूळ उत्पादनातला आहे आणि वारंवार दुरुस्ती करूनही तो हटत नाही, हे तक्रारदारालाच दाखवून द्यावे लागते.

हे दाखविण्याचे मुख्य साधन म्हणजे जॉबकार्ड. गाडी प्रत्येक वेळी आत घेताना ग्राहकाने सांगितलेली तक्रार त्यावर लिहिली जाते. निदान लिहिली जावी अशी अपेक्षा असते. पुष्कळदा 'सर्वसाधारण तपासणी' एवढेच शब्द पडतात, आणि ग्राहक गाडी लवकर मिळावी या घाईत सही करून मोकळा होतो. पुढे आयोगापुढे पाच फेऱ्यांच्या पाच कागदांवर मूळ दोषाचा उल्लेखच सापडत नाही. म्हणून आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घेतल्याखेरीज सही करू नये, प्रत मागून घ्यावी आणि विक्रेत्याबरोबरच उत्पादक कंपनीलाही लेखी कळवावे. गाडीची तांत्रिक तपासणी आवश्यक असेल तेथे तज्ज्ञाचा अहवाल फार उपयोगी पडतो. तो नसल्यामुळे खरी तक्रारही लंगडी पडू शकते.

दोष एका गाडीपुरता नसून एकाच पद्धतीने तयार झालेल्या अनेक गाड्यांत असेल, तर प्रश्न निराळा होतो. २०२१ मध्ये महिंद्र कंपनीने नाशिकच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै या काळात तयार झालेल्या सुमारे ६०० डिझेल गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारखान्यात आलेले इंधन दूषित असल्याचा व त्यामुळे इंजिनाचे भाग अकाली झिजण्याचा संशय होता. त्यापूर्वी डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने भारतातील ३,२३,७०० डिझेल गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले, ते पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या चाचण्यांनंतर. पहिल्या उदाहरणात उत्पादक स्वतः पुढे आला, दुसऱ्यात चाचणीने त्याला पुढे आणले.

आता यासाठी कायद्याचा आधारही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम ११० अ नुसार पर्यावरणास, गाडीतील माणसांस किंवा रस्त्यावरील इतरांस धोकादायक ठरणारा दोष असलेल्या गाड्या परत घेण्याचा आदेश केंद्र शासन देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गाड्या परत बोलावल्याची सूचना आली की काही मालक घाबरतात, काही ती बाजूला ठेवून देतात. या दुरुस्तीला पैसे पडत नाहीत, एवढे ग्रामसभेत सांगितले तरी पुष्कळ होईल.

तालुक्याच्या गावातील माणसाच्या दृष्टीने मोठा बदल २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने झाला. हा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे आता तक्रार करता येते. गाडी नागपूरला घेतली असली आणि कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले, तरी धामणगावच्या ग्राहकाने अमरावतीच्या जिल्हा आयोगाकडे जावे. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ५ ते १० लाखांच्या गाडीसाठी ते २०० रुपये आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्लाही घेता येतो.

मालवाहू गाडी किंवा प्रवासी रिक्षा घेणाऱ्यांना एक शंका नेहमी पडते. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू या कायद्याच्या बाहेर असल्याने विक्रेते त्यांना 'तुम्ही ग्राहकच नाही' असे ऐकवितात. हे सरसकट खरे नाही. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालविण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली गाडी हा त्याला अपवाद आहे. कर्ज काढून घेतलेली छोटी मालगाडी स्वतः चालवून संत्री किंवा भाजीपाला वाहणारा तरुण या व्याख्येत बसतो. पगारी चालक ठेवून पाच गाड्या चालविणारा बहुधा बसणार नाही.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो. उशीर माफ करून घेण्यास सबळ कारण दाखवावे लागते. 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' असे सांगत विक्रेत्याने घालविलेले महिने आपोआप वजा होत नाहीत. म्हणून दोष पहिल्यांदा लिहून दिल्याची तारीख असलेला कागद गाडीच्या नोंदणी पुस्तिकेइतकाच जपून ठेवावा.