देवशब्द म्हणजे कौल नव्हे



घरात संकट आले की आपल्यापैकी बरेचजण बायबल हातात घेतात, डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणतात आणि पान कुठेही उघडून बोट ठेवतात. बोटाखाली येईल ते वचन म्हणजे देवाचा निरोप, अशी आपली भावना असते. काही घरांत वचनांच्या चिठ्ठ्यांची छोटी पेटीही असते. आम्ही स्वतः हे करीत आलो आणि इतरांनाही सांगत आलो. आज या विषयावर लिहायचे कारण, आमच्या अशाच एका सल्ल्याने एका बहिणीला फार त्रास झाला. तिच्या संमतीने, नावगाव न देता, ती हकिकत सांगतो.

तिचे पती अचानक आजारी पडले आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. पहिल्याच संध्याकाळी तिने फोन करून आम्हाला विचारले, "मी काय वाचू?" आम्ही घाईत होतो. "बायबल उघड, प्रभू तुला वचन देईल," असे सांगून मोकळे झालो. तिने रुग्णालयाच्या बाकावर बसून बायबल उघडले. निघाला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय. दाविदाचे मूल आजारी पडले आणि सातव्या दिवशी ते मरण पावले, एवढे तिने वाचले, पुस्तक मिटले आणि पिशवीत घातले.

नवव्या दिवशी पती देवाघरी गेले.

महिन्याच्या मिस्सेनंतर आमच्या प्रार्थना गटातील काहीजण तिच्या घरी गेलो. चहा झाला आणि मग ती बोलू लागली. "ते गेले, ते दुःख आहेच. पण देवाने आधीच सांगून टाकलं होतं ना! म्हणून त्या नऊ दिवसांत मी त्यांच्यासाठी एकदासुद्धा प्रार्थना केली नाही. आता तेच मला खातंय."

आम्ही गप्प झालो. आमच्यापैकी कोणीतरी 'देवाची इच्छा' असे काही पुटपुटले, ते न बोलते तर बरे झाले असते. शेवटी गटातील सर्वांत वयस्क बाईंनी तेच बायबल मागून घेतले, तोच अध्याय काढला आणि पहिल्या ओवीपासून वाचायला सुरुवात केली.

तो अध्याय सोपा नाही. दाविदाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारविले. नाथान संदेष्टा येऊन त्याला त्याचे पाप दाखवतो. दावीद पाप कबूल करतो. त्याला क्षमा मिळते, पण मूल जगणार नाही असेही नाथान सांगतो. हे ऐकून मनात येते, आजार ही पापाची शिक्षा असते का? त्या बहिणीच्याही मनात हेच आले होते. बायबलचे एक पान धरून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाबद्दल हेच विचारतात, कोणाचे पाप, याचे की याच्या आईबापांचे? आणि येशू दोन्हींना नकार देतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरील आपल्या दस्तऐवजात (परिच्छेद १२) सांगितले आहे, की कोणत्याही उताऱ्याचा अर्थ लावताना संपूर्ण पवित्र शास्त्राची एकता ध्यानात ठेवावी.

पण बाईंनी बोट ठेवले ते पुढच्या भागावर. नाथानाचे शब्द दाविदाने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. पान उघडून मिळालेले वचन नव्हे, देवाच्या संदेष्ट्याने तोंडावर सांगितलेला निर्णय! तरीही तो काय करतो? उपास करतो, रात्रभर जमिनीवर पडून राहतो, मुलासाठी देवाची विनवणी करतो. घरातली वडीलधारी मंडळी त्याला उठवायला येतात, तो उठत नाही. सात दिवस हेच चालते. आपण असे का केले, हेही तो नंतर सांगतो: मूल जिवंत होते तोवर देव दया करणार नाही असे कोण म्हणू शकत होते?

म्हणजे ज्या पानामुळे आमच्या बहिणीने प्रार्थना थांबवली, त्याच पानावर निकाल लागल्यावरही प्रार्थना न सोडणारा बाप होता. ते तिला दिसले नाही, कारण आम्ही तिला एक ओळ शोधायला सांगितले होते, वाचायला नव्हे.

पुढे मूल मरण पावते. चाकर आपसांत कुजबुजतात, त्यावरून दावीद काय ते समजतो. तो उठतो, अंघोळ करतो, कपडे बदलतो, प्रभूच्या घरात जाऊन आराधना करतो आणि घरी येऊन जेवायला मागतो. चाकर चकित होतात. इथे ती बहीण पहिल्यांदा रडली. "मला अजून जेवण जात नाही," म्हणाली.

"आणि त्या नऊ दिवसांचं काय?" तिने विचारले. आम्ही मक्काबीचे दुसरे पुस्तक काढले. यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी प्रार्थना करवितो आणि त्यांच्या पापक्षमेसाठी यरुशलेमला अर्पण पाठवितो. मृतांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो, नोव्हेंबरमध्ये कबरींवर मेणबत्त्या लावतो, त्यामागे ही जुनी श्रद्धा आहे. पतीसाठी प्रार्थना करायची तिची वेळ टळलेली नव्हती. (हेही दुसरेच पुस्तक आणि बाराच अध्याय! पण या योगायोगाला आम्ही निरोप म्हणणार नाही, एकदा ठेच लागली ती पुरे.)

कोणी म्हणेल, संत ऑगस्टीनने इ.स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत पुस्तक उघडले आणि समोर आलेल्या उताऱ्याने त्याचे जीवन बदलले, ते कसे? खरे आहे. पण त्याआधी तो कित्येक महिने संत अम्ब्रोजची प्रवचने ऐकत होता, पौलाची पत्रे वाचत होता. आणि पुढे बिशप झाल्यावर, शुभवर्तमानाच्या पानांतून कौल काढण्याची रीत आपल्याला पसंत नसल्याचे त्याने एका पत्रात स्पष्ट लिहिले. प्रभू एखाद्या वचनातून अचानक बोलू शकतो, त्याला कोण अडवणार? पण आपण बोट ठेवू तेथेच त्याने बोलावे, असा हट्ट आपण धरू नये.

मग वाचावे कसे? बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने याची चार पायऱ्यांची शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना, आणि देवासमोर शांत बसणे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० साली हीच पद्धत सर्व भाविकांना सुचवली आणि तिला कृतीची जोड दिली. नावे मोठी वाटतात, काम साधे आहे. रात्री रोझरी झाल्यावर एक छोटा उतारा संपूर्ण वाचावा, दोनदा. एखादा शब्द मनाला लागला तर तेथे थांबावे, लागला नाही तर काळजी करू नये. मग आपले गाऱ्हाणे आपल्याच बोलीत देवाला सांगावे. आणि पाच मिनिटे गप्प बसावे; हेच सर्वांत अवघड जाते, टीव्ही बंद असला तरी!

सुरुवात स्तोत्रांपासून करावी. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे म्हणजे सरळ तक्रारीच आहेत. तेराव्या स्तोत्रात भक्त देवाला चार वेळा विचारतो, अजून किती काळ? गेथशेमनी बागेत खुद्द येशूने तीच विनवणी तीनदा केली. प्याला टळला नाही, पण लूक सांगतो की त्याला बळ देण्यास देवदूत आला.

ती बहीण आता रोज रात्री एक स्तोत्र पूर्ण वाचते, क्रमाने. परवा ती अठ्ठ्याऐंशीव्यावर आली. बहुतेक तक्रारीची स्तोत्रे शेवटी विश्वासाकडे वळतात, हे मात्र काळोखातच संपते. तिने फोन करून विचारले, "याचा शेवट एवढाच?"

होय, एवढाच. ख्रिस्तसभा हे स्तोत्र दर शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत म्हणते. गेल्या शुक्रवारपासून आम्हीही ते तिच्या घरी, तिच्यासोबत म्हणू लागलो आहोत.